माझं म्हणायचं राहून गेलं

६ सप्टेंबर

झालं बाई एकदाचं! आजपासून आम्ही परदेशातले घरवाले. नवं घर, नवं गाव, नवी रोजनिशी. नवरा तेवढा जुनाच आणलाय.

आल्या आल्या घरभर फिरून घेतलं. खाली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, वर झोपायच्या दोन खोल्या, मागे भिंतीने बंदिस्त केलेलं अंगण. लाकडी जिन्यावर पाय ठेवला की कुरकुरतो, पण आमचे गुडघेही कुरकुरतात, तेव्हा जमेल आमचं. ओट्याशी उभं राहिलं की खिडकीतून अख्खा चढाचा रस्ता दिसतो. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय, सगळं. हे म्हणाले, तुला आता टीव्हीची गरज नाही.

लेकीचा विरोध होता. तिचं म्हणणं, आधी वर्षभर भाड्याने राहा, माणसं पारखा आणि मग घ्या. परक्या मुलखात एवढी घाई कशाला? पण ह्यांच्या छातीला तिकडची धूळ सोसेना, आणि डॉक्टरांनी कोरडी थंड हवा सांगितलेली. नोकरीत असताना ह्यांनी पंप बसवायला म्हणून काही महिने या गावात काढले होते. तेव्हापासून गाव मनात बसलं होतं. राहता फ्लॅट विकला आणि आलो. परतीचे दोर कापले म्हणा ना.

इथे ताबा देण्याची तऱ्हा मजेशीर आहे. कागद आधीच झाले होते, पण नुसत्या कागदावर भागत नाही. नोंदणी कचेरीतली बाई स्वतः दारात येते. उंच, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावरची माशी हलेल तर शपथ. घर विकणारी आजीबाई उंबऱ्याच्या एका बाजूला, हातात एकच बॅग. मी दुसऱ्या बाजूला, पायरीवर. दलाल मध्ये उभा राहून घाम पुसतोय. आणि हे? हे केव्हाच आत! ह्यांचा जीव नळात. पाण्याला जोर किती येतो ते बघितल्याशिवाय ह्यांना घर घेतल्यासारखं वाटणार नव्हतं.

तर नोंदणीबाईने विचारलं, हे घर कोणाचं? पण माझ्याकडे बघून नाही विचारलं. घराच्या आत तोंड करून, चांगलं मोठ्याने, आत कोणी बहिरं बसल्यासारखं. आजीबाई म्हणाली, आजवर माझं होतं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. दलालाने आदल्या दिवशी पढवून ठेवलं होतं की एकच शब्द बोलायचा, माझं. त्याच्या पुढे नाही, मागे नाही.

पण असं म्हणवतं का हो? समोर म्हातारं माणूस, याच घरात जन्मलेलं, डोळे भरून आलेले, आणि मी तिच्या तोंडावर धाडकन "माझं" म्हणू? आईने असं वाढवलं नाही आम्हाला. दोन वर्षं शिकवणी लावून या लोकांची भाषा शिकले ती कधी उपयोगी पडायची! स्वच्छ उच्चारात म्हटलं, माझं कसलं, तुमचंच आहे. घर तुमचं, घरातलं सगळं तुमचंच. केव्हाही या, संकोच करू नका.

दलालाचा रुमाल कपाळावरच थांबला. नोंदणीबाईने विचारलं, पुन्हा सांगता का? मला वाटलं व्याकरण चुकलं. पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने, छातीवर हात ठेवून. तिने लिहून घेतलं. आजीबाईने बॅग खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात धरून घळाघळा रडली. एक किल्ली तिने स्वतःकडेच ठेवली, मीही मागितली नाही. बिचारी, आठवण म्हणून असू दे. दलाल चहाला सुद्धा थांबला नाही.

माणुसकीची भाषा जगात कुठेही चालते, हेच खरं. आतून ह्यांनी ओरडून सांगितलं, पाण्याला जोर भरपूर आहे.

११ सप्टेंबर

सामान लागलं. डाळ-तांदळाचे डबे ओट्याच्या वरच्या फळीवर, कपडे वर, ह्यांची हत्यारांची पेटी जिन्याखाली. दिवसभर हे काही ना काही ठोकत असतात. छाती कशी मोकळी झालीय म्हणतात.

गावची माणसं मात्र कडू. कोपऱ्यावरच्या वाणिणीने पहिल्या दिवशी हसून विचारलं, नव्या का? मी घर सांगितलं, तर हातातली सुटी नाणी तिने गल्ल्यावर ठेवली आणि मला उचलून घ्यायला लावली. हातात द्यायला काय झालं होतं? शेजारीण खिडकीत असली तर मी दिसताच पडदा ओढते. रंगाचं असेल, परकेपणाचं असेल. असो. मी काही मागे हटणारी नाही. रोज तिच्या पडद्याला हात करून पुढे जाते.

आज सकाळी आंघोळ करून खाली आले तर स्वयंपाकघरात आजीबाई! कोट खुंटीला, आपण खुर्चीत. किल्लीने उघडून आली होती. दचकलेच मी, पण म्हटलं आपणच बोलावलंय, आलीय बिचारी. चहा केला. तिने घेतला, कप धुऊन ठेवला, मग उठून माझे डबे फळीवरून काढून खाली जमिनीवर मांडले. म्हणाली, फळी तिच्या आईच्या ताटांची आहे. हसून म्हणाली, म्हणून मीही हसले. ती गेल्यावर डबे परत वर ठेवले.

१५ सप्टेंबर

रोज येते. रोज! भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. येते, डबे उतरवते, पडदे बदलते, माझी पायपुसणी अंगणात टाकते. आज आमच्या झोपायच्या खोलीतला पलंग खिडकीपासून भिंतीशी सरकवलेला. एवढा जड पलंग त्या काडीपैलवान बाईने हलवला कसा? मी जरा तोडून बोलले की आता पुरे, येताना फोन करत जा. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू परक्या पोराने तिच्या घरात हट्ट मांडलाय. मग गालावर टिचकी मारून म्हणाली, तुम्ही खुशाल राहा, मी काही जा म्हणत नाही.

मला? माझ्या घरात? मला जा म्हणत नाही?

ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात, असू दे गं, म्हातारी आहे, कुठे जाईल. ह्यांचं आपलं सगळं असू दे.

१९ सप्टेंबर

आज तिचा भाऊ आला. कधी आला, कुठून आला, कळलं नाही. मी रस्त्याकडे तोंड करून भाजी चिरत होते, चढावरून चिटपाखरू आलं नाही. वळले तर जिन्याच्या खालच्या पायरीवर मोठाला माणूस बसलेला. पिठासारखा पांढरा चेहरा, हात गुडघ्यांवर, नजर समोर. आजीबाईने ओळख करून दिली, थोरला भाऊ. त्याने मान सुद्धा हलवली नाही. चहा दिला तो तसाच गार झाला.

तो बसतो नेमका वाटेत. वर-खाली करताना माझ्या तोंडून आपलं निघतं, अहो, जरा पाय घ्या, अहो, सरका. त्याला मराठी काय कळणार, पण सवय. सरकतो हळूच. त्याच्या अंगाजवळून गेलं की गारवा लागतो, तळघराचं दार उघडल्यासारखा. आणि या घराला तळघर नाही.

२२ सप्टेंबर

डोकं फिरलंय माझं. कुलूपच बदलून टाकू म्हणून गावात कुलूपवाल्याकडे गेले. चांगला तरुण, हसरा. घर सांगितल्यावर हत्यारं पिशवीत भरली आणि म्हणाला, मालकाने सांगितलं तर येईन. मी म्हटलं, मीच मालक. त्याने मान हलवली. म्हणाला, तुम्ही नाही म्हणालात ना, सगळ्या गावाला माहीत आहे.

पोलिसांकडे गेले. तिथल्या साहेबाने बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही म्हणालात का "तुमचंच"? म्हटलं, अहो, ती बोलायची रीत झाली! आमच्याकडे कोणीही कोणालाही म्हणतं, घर आपलंच आहे, म्हणून काय कोणी गाद्या उचलून नेत नाही! तो म्हणाला, बाई, इथे जे म्हणतात ते म्हणतात. आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

रस्त्यात मला रडूच फुटलं, रागाने. कुठली भाषा शिकले मी? शब्द शिकले, त्यांचं वजन कोणी शिकवलं नाही.

२४ सप्टेंबर

आज दलालाला त्याच्या कचेरीबाहेर गाठलं. आत घेईना मला. फुटपाथवरच बोलला, सारखा इकडे तिकडे बघत.

त्याचं म्हणणं असं. इथल्या जुन्या घरांत घरची गेलेली माणसं राहतात. उंबऱ्यावरचा प्रश्न विचारतात तो त्यांना ऐकू जावा म्हणून. घेणारा "माझं" म्हणाला की त्यांना कळतं, आपलं संपलं, ती विकणाऱ्याच्या मागून निघून जातात, वाटेत कुठेतरी विरतात. म्हातारी घरात शेवटची उरलेली. त्यांच्यात एकटीने राहणं तिला झेपत नव्हतं, सोडूनही जाववत नव्हतं. शेवटी विकायला तयार झाली, आणि तुम्ही तिला सगळंच परत दिलंत. भावाचं विचारलं तर म्हणाला, तो वरच्या खोलीत छातीच्या दुखण्याने गेला, मी शाळेत होतो तेव्हा.

मी त्याला म्हटलं, हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं? तो उलट माझ्यावरच चढला. म्हणाला, एक शब्द सांगितला होता, एक! परक्यांना घर विकायचं म्हणजे हाच ताप. इतकं गोड बोलतात की घात करून बसतात.

मग त्याने विचारलं, तुमचे मिस्टर तेव्हा कुठे होते? उंबऱ्याबाहेर होते ना?

मला आतून आलेली ह्यांची हाक आठवली, पाण्याला जोर भरपूर आहे. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरला. घरातलं सगळं, असं म्हणालात तुम्ही, एवढंच पुटपुटला.

२५ सप्टेंबर

आल्यापासून हे घराबाहेर पडलेले नाहीत. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाजार मी करते, ठोकाठोकी हे करतात, असंच चालू होतं.

आज सकाळी म्हटलं, चला, फिरून येऊ. लगेच तयार. बूट घातले, मफलर बांधला, दारापर्यंत आले. तिथे थबकून म्हणाले, चष्मा राहिला. चष्मा आणला. मग म्हणाले, रुमाल. मग गॅस बघून येतो. मग उंबऱ्याशी नुसते उभे राहिले आणि म्हणाले, अगं, कशाला निघालो होतो आपण?

मी हात धरून ओढलं. लाजशरम सोडून, दोन्ही हातांनी. हे एरवी माझ्या एका हिसक्याने कोलमडतील. जागचे हलले नाहीत. मला लागेल म्हणून हळू हळू माझी बोटं सोडवली, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर भावाशेजारी जाऊन बसले. हात गुडघ्यांवर.

आजीबाई ओट्याशी उभी राहून गुणगुणत होती.

तुझ्या घराला आग लागो. नाही, नको. हे आत आहेत.

२७ सप्टेंबर

आता बरेच आहेत. मोजत नाही. एक बाई वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून केस विंचरते. एक म्हातारा अंगणात. कोणी मला काही करत नाही, बोलत नाही, नुसते मी आले की बोलणं थांबवतात. आगंतुक आल्यावर थांबवतात तसं. माझ्याच ताटातलं मी उभ्याने खाते. खुर्ची ओढली की सगळ्या माना वळतात.

हे त्यांच्या भाषेत बोलले. स्वच्छ. ज्यांना दोन वर्षांत "नमस्कार" म्हणता आला नाही, ते. ती केस विंचरणारी बाई ह्यांना कुठल्यातरी नावाने हाक मारते आणि हे ओ देतात. ते नाव ह्यांचं नाही. मी ओरडले, हे नाव ह्यांचं नाही! तर हेच मला म्हणाले, त्यांच्या भाषेत, बाई, हळू बोला, घरात माणसं आहेत.

बाई. मला.

२८ सप्टेंबर

लेकीचा फोन आला होता. बाबा कुठेत? म्हटलं, झोपलेत. काय सांगणार? येते म्हणाली तर? ती या घरात आली तर? म्हटलं, सगळं छान आहे, तू येऊ नकोस, मुलाची शाळा बुडवू नकोस.

घर गेलं खड्ड्यात. फ्लॅट गेला, सगळी पुंजी गेली, जाऊ दे. मला माझा माणूस पाहिजे. बाकी काही नको.

२९ सप्टेंबर

नोंदणीबाईच्या टेबलापुढे जाऊन बसले. उठणारच नाही म्हटलं. तिला दया नाही आली, कंटाळा आला. सांगितलं एकदाचं.

घेणाऱ्याला माघार घेता येते. घर सोडायचं, किल्ली पायरीवर ठेवायची. आत आपलं कोणी अडकलं असेल तर त्याला बाहेरून हाक मारायची. एकच हाक. जो ओ देऊन उंबरा ओलांडेल तो तुमचा. मग तो कुठेही जाऊ शकतो. बदलून मिळत नाही.

म्हणाली, नावाने मारा.

नावाने! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच ह्यांचं नाव मी, तेही सासूबाईंनी दार अडवलं म्हणून. नावाने हाक मारणारी सगळी माणसं वर गेली. मी नाव घेतलं तर हे मागे वळून बघतील, ही कोणाला बोलावतेय म्हणून. आणि आता नावाचाच तर गोंधळ करून ठेवलाय त्यांनी. नाव त्यांनी पुसलं. पण "अहो" कसं पुसतील? गाढ झोपेत असले तरी "अहो" म्हटलं की उठून बसतात. जन्मभराची हाक आहे ती. त्या लोकांच्या भाषेत नाही, कोणाच्या तोंडी नाही. फक्त माझी.

उद्या.

३० सप्टेंबर, दुपार

ओ दिली!

भाड्याची गाडी चढाखाली उभी करून गेले. नोंदणीबाई आलेली. किल्ली पायरीवर ठेवली. शेजारणीचा पडदा आज उघडा होता, तमाशा बघायला. आत सगळे दिसत होते, ओळीने, अंधारात. आजीबाई पुढे. मी डोळे मिटले आणि जीव खाऊन हाक मारली, अहो!

आतून आवाज आला, ओ. ह्यांचाच आवाज. ह्यांचाच! तोच जरासा त्रासलेला ओ, कामात असताना देतात तसा. पावलं आली. ह्यांचा तपकिरी स्वेटर, मफलर नाकापर्यंत, मान खाली. उंबरा ओलांडला! मी हात धरला आणि धावत सुटले. मागे बघितलं नाही. हात गार होता, बर्फ, पण म्हटलं, इतके दिवस त्या घरात होते —

गाडीत बसल्यावर वर बघितलं. उगीच बघितलं.

वरच्या खिडकीत हे उभे होते. छातीशी हात धरून. माझ्याकडे बघत होते. ओळखून. आता ओळखून! ओठ हलत होते. काच होती, ऐकू आलं नाही — गाडी सुटली होती.

३० सप्टेंबर, नंतर

स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये आहोत. आहे. आहोत.

"अहो, पाय घ्या." "अहो, सरका." रोज म्हणत होते मी त्याला. मीच शिकवलं. काय करून बसले मी — बसच्या कंडक्टरला आपण अहो म्हणतो, रस्त्यातल्या माणसाला म्हणतो, आणि मला वाटलं फक्त माझी —

परत गेले होते. नोंदणीबाई म्हणाली, ओ दिली, ओलांडला, लिहून झालं. त्या दारात उभी राहून मग ह्यांच्या नावाने ओरडले. घसा बसेपर्यंत. आजीबाईने आतून कडी लावली.

१ ऑक्टोबर

चेहरा त्याचाच आहे. पिठासारखा. आवाज ह्यांचा. मराठी बोलतो. कालपेक्षा आज जास्त चांगली.

लॉजवाल्याने पासपोर्टवरचा फोटो बघितला, त्याच्याकडे बघितलं, मान डोलावली. मी म्हटलं, नीट बघा! नीट बघा हो! त्याने पुन्हा बघितलं. म्हणाला, हेच आहेत ना.

मला एकटीलाच दिसतंय. वेड लागलंय का मला? नाही. ह्यांच्या डाव्या भुवईवर खूण आहे, पंपाचा पाना लागल्याची. याच्या नाही. नाही म्हणजे नाही.

जेवत नाही. माझ्या मागे मागे येतो. अगं म्हणतो. मला. अगं —

हे तिकडे पायरीवर बसले असतील. उबदार काही घातलंय का अंगात — स्वेटर तर याच्या —

२ ऑक्टोबर

सकाळी विचारलं त्याने. लेक कुठे राहते. सांगितलं नाही. त्याला माहीत होतं. रस्ता, मजला, सगळं.

मी इथेच राहणार. लॉज झाडीन, भांडी घाशीन. त्या दाराशी रोज जाईन. एक दिवस तरी हे — पण याला एकटं कसं सोडू. हा कुठेही जाऊ शकतो. नोंदणीबाई म्हणाली होती, कुठेही —

लेकीला सांगायला पाहिजे. तिला दिसेल. पोटची पोर आहे, बापाचं तोंड ओळखणार नाही?

२ ऑक्टोबर, दुपार

फोन लावला. चेहरा दिसणारा. काही न बोलता त्याच्यासमोर धरला. तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आता किंचाळेल, आता —

ती हसली. म्हणाली, बाबा, कसले छान दिसताय! हवा मानवली हो तुम्हाला.

भुवई बघ गं, म्हणाले मी. तिला वाटलं, मी थट्टा करतेय.

त्याने फोन घेतला माझ्या हातून. खिडकीशी उभा आहे. ह्यांच्यासारखा हसतोय. घर जमलं नाही म्हणतोय, आईचं चित्त थाऱ्यावर नाही म्हणतोय. नातवाचं विचारतोय. मी ओढायला गेले तर एका हाताने मला धरून ठेवलंय, हळूच, लागू नये असं — मी माझ्या मोकळ्या हाताने लिहितेय — वेडंवाकडं —

आता विचारतोय तिला. मी तुझ्याकडे येऊ का गं राहायला? तुझं घर आहे, तुला विचारलेलं बरं.

माझी पोर. माझ्याच वळणाची. बापाला ती काय उत्तर देईल मला ठाऊक आहे — देऊ नकोस — ऐक, तोंड उघडू नकोस, आधी "माझं" म्हण, "माझं" —